टिटव्या आहेत का अजून?



गेली अठ्ठावीस वर्षे मी पुण्याच्या पेठांमध्ये कुटुंबाची डॉक्टर म्हणून काम करीत आहे. या काळात माझ्या हातून सर्वाधिक वेळा कोणते औषध लिहिले गेले असेल, तर ते कोणत्याही गोळीचे नाव नव्हे. 'रोज अर्धा तास चालणे' ही ती ओळ. रुग्ण मान डोलावतात, कागदाची घडी घालून खिशात ठेवतात आणि पुढच्या महिन्यात रक्तदाबाचा आकडा मला सांगतो, की ती ओळ खिशातच राहिली. असे का होते, याचे उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नाही. ते मुठेच्या काठी सापडले, आणि तेही माझ्याच घरातल्या एका रुग्णामुळे. आज आपल्याला त्या काठावर घेऊन जायचे आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या उपाशीपोटीच्या साखरेने 112 चा आकडा दाखवला. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर पाऊल पडलेले. रुग्णांना जे सांगते ते स्वतः करण्याची वेळ आली, म्हणून मी सकाळी नदीपात्रातल्या रस्त्याने धावू लागले. 'धावू लागले' हा शब्द जरा धाडसाचाच. चालण्याहून किंचित वेगाची, अशी ती मंद दौड. माझे मोजमाप सोपे आहे. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी. वाक्यही तुटत असेल तर वेग जास्त. हृदयाला झेपेल असा व्यायाम मोजण्यासाठी महागडे घड्याळ लागतेच असे नाही.

पहाटेची ही नदी आपण पाहिली आहे का? दिवसा पुलावरून जाताना दिसतो तो काळपट प्रवाह, कठड्याला अडकलेल्या पिशव्या, आणि नाकावर धरलेला रुमाल. परंतु सूर्य उगवण्याच्या सुमारास लकडी पूल, झेड पूल, भिडे पूल मागे टाकीत ओंकारेश्वराच्या दिशेने गेलात, तर तीच नदी निराळी भासते. पलीकडच्या काठाने मेट्रोचे उंच खांब उभे असतात आणि त्यांच्या पायाशी, उथळ पाण्यात, बगळ्यांची रांग. वंचक हा मातकट रंगाचा लहानसा पक्षी दगडावर दगड होऊन बसलेला असतो. तो उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात, आणि एवढा शुभ्रपणा त्याने कुठे दडवून ठेवला होता, असा प्रश्न पडतो. तारेवर खंड्या बसतो. निळी पाठ, पांढरा गळा, लाल चोच. पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी संथपणे फिरत असते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून आपल्या लोकांनी हे नाव ठेवले. घाटाच्या पायऱ्यांवर धोबी पक्षी शेपटी वरखाली आपटीत धावतो. कपडे आपटणाऱ्या परटाची आठवण होऊनच त्याला हे नाव मिळाले असावे.

आरंभी मी या पक्ष्यांकडे लक्ष देत नव्हते. माझे लक्ष घड्याळाकडे असे. दहा दिवस झाले आणि कंटाळा येऊ लागला. अंथरुणातून उठताना पाय जड वाटू लागले. एके दिवशी खंड्या त्याच तारेवर, त्याच जागी दिसला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता, आणि मला चुकल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी मी गजराच्या आधी उठले, तो आला असेल का हे पाहण्यासाठी. साखरेच्या भीतीने मला दहा दिवस धावविले. खंड्याने पुढची पाच वर्षे. भीती माणसाला घराबाहेर काढते खरी, पण रोज बाहेर पडायचे तर कुणीतरी भेटणार आहे असे वाटावे लागते.

हे सारे कळूनही मी घरात मात्र तेच करीत होते, जे दवाखान्यात करीत होते. माझे वडील, अण्णा, आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नारायण पेठेत जन्म गेलेले. गेल्या वर्षी नवरात्रात ते न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडले नाही. डोक्याला मार नव्हता. क्ष-किरण तपासणी पाहून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय संपला, असे मी समजले. विषय संपला नव्हता. अण्णांनी हळूहळू बाहेर जाणे सोडले. आधी मंडई सुटली, मग देऊळ, मग कोपऱ्यावरचे वर्तमानपत्रांचे दुकान. 'आज जरा कणकण आहे', 'आज ऊन आहे', 'आज रस्ता खणलेला आहे'. कारणे रोज नवी आणि प्रत्येक कारण खरे वाटावे असे.

वाचकहो, आपल्यापैकी जे घरातल्या वृद्धांची काळजी वाहतात, त्यांनी येथे थोडे थांबावे. पडल्यामुळे होणाऱ्या इजेइतकीच पडण्याची भीती घातक ठरू शकते. भीतीने माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात, कारण म्हातारपणी काही दिवसांची विश्रांतीही स्नायूंना महाग पडते. स्नायू झिजले की तोल जातो, आणि तोल गेला की माणूस पुन्हा पडतो. भीती स्वतःलाच खरी करून दाखवते. हे मला ठाऊक होते. म्हणून मी काय केले? एका कागदावर 'रोज अर्धा तास चालणे' असे लिहून अण्णांच्या हाती दिले. त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. टपाल खात्यातला माणूस, कागद टाकून देणार नाही. पण चालले नाहीत. एकदा मी चिडून बोलले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "अगं, चालेन. पण कुठे जाऊ?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी धावून घरी आले. अण्णा खिडकीपाशी चहा घेत होते. माझ्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे पाहून म्हणाले, "नदीवर टिटव्या आहेत का अजून?" मी म्हटले, "आहेत की. रोज ओरडतात माझ्यावर." ते हसले. त्यांच्या आईला टिटवीचे ओरडणे अशुभ वाटे. रात्री ती ओरडली की ती माउली देवापुढे दिवा लावी. अण्णा मात्र लहानपणी मुद्दाम वाळूत टिटवीची अंडी शोधायला जात. त्या दिवशी ते अर्धा तास बोलले. नदीत पोहल्याच्या गोष्टी, पाण्यात पाय सोडून बसल्यावर तळव्यांना चावणारे मासे, घाटावर वाळत घातलेली धुणी. पडल्यापासून इतके सलग बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून धावून आल्यावर मी त्यांना हिशेब देऊ लागले: बगळे नऊ, शेकाट्या सोळा, खंड्या एक, मुंगूस एक. त्यांनी एक जुनी वही काढली, रकाने आखले आणि तारीखवार नोंद करू लागले. आठवडाभरात तक्रार सुरू झाली. "बगळे नऊ म्हणजे कोणते? गायबगळा वेगळा, लहान बगळा वेगळा. पायाची बोटे पिवळी होती का?" मी पाहिले नव्हते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते स्वतःच म्हणाले, "तुला काही नीट दिसत नाही. मला घेऊन चल."

आम्ही रिक्षाने गेलो. बरोबर घडीचे स्टूल, पाण्याची बाटली आणि काठी. घाटाशी अण्णा वीस मिनिटे बसले आणि परत आले. चालणे झाले ते रिक्षापासून स्टुलापर्यंत, म्हणजे पन्नास-साठ पावले. मी ती मोजली. तेव्हा त्यांना सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात स्टूल थोडे पुढे ठेवले, कारण शेकाट्या तेथून नीट दिसत. मग उंबराच्या झाडापर्यंत. झाडापलीकडच्या वळणावर वटवाघळे टांगलेली असतात, असे मी सहज बोलून गेले आणि अण्णा वळणापर्यंत गेले. एकाही दिवशी मी 'चाला' हा शब्द उच्चारला नाही.

फेब्रुवारीत आम्ही सोलापूर रस्त्यावरच्या कवडी पाटाला गेलो. पुण्यातून मुळा आणि मुठा एकत्र होऊन वाहतात, ती मुळामुठा तेथे एका जुन्या बुटक्या बंधाऱ्यावरून उतरते. हिवाळ्यात तेथे चक्रवाक येतात. नारिंगी-तपकिरी रंगाची ही बदके लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करून हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतात. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षीही तेथे होते. मराठीत त्यांना 'वारकरी' म्हणतात, हे अण्णांना ठाऊक होते. पुढे हीच नदी भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपूरला चंद्रभागा होऊन वळते. "म्हणजे हे वारकरी बरोबर रस्त्याला लागले आहेत," अण्णा म्हणाले. परंतु त्याच बंधाऱ्याच्या कडेला प्लास्टिकचा खच साचला होता आणि पाण्यावर पांढरा फेस होता. आपल्याच शहराने धाडलेले सामान. अण्णा त्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

या ठिकाणी डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पक्षी पुष्कळ दिसतात, म्हणून नदी निरोगी आहे, असा निष्कर्ष काढू नये. तापलेल्या मुलाचे गाल लाल दिसतात. त्याला आपण कांती म्हणत नाही. सांडपाणी नदीत मिसळले की त्यातील घाण कुजविणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. हवेतून श्वास घेऊ शकणारे मांगूर, किंवा काहीही सोसणारी, मूळची आफ्रिकेतली चिलापी, असे मोजके मासे तग धरतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मात्र सांडपाण्यातल्या खतावर माजते. गाळात अळ्या आणि किडे वाढतात, म्हणून लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांची चंगळ होते. हवेत एका जागी पंख फडफडवीत पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या मासे पाहूनच जगतो. अण्णा त्यालाच शोधत होते. त्यांच्या वहीत त्याचा रकाना आहे. आमच्या पट्ट्यात तो रिकामाच राहिला आहे. रुग्णाच्या अहवालात जो आकडा नसतो, त्याकडेही वैद्याने पाहावे लागते.

आता माझ्या चुकीविषयी. एप्रिलमध्ये अण्णांच्या पायांवर थोडी सूज दिसली आणि रक्तदाबही वाढलेला होता. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लघवी वाढविणारी एक गोळी सुरू केली. ती योग्यच होती. पण उन्हाळा सुरू झालेला, पाणी कमी पिण्याची त्यांची जुनी खोड, आणि त्यांच्या वाढत्या पावलांचा मला झालेला हर्ष. त्या सकाळी वीस मिनिटे स्टुलावर बसून ते झटकन उठले, कारण पाण्यातून काहीतरी सळसळत गेले होते. ते विरोळा होते, बिनविषारी पाणसाप. अण्णा डोलले आणि शेजारून जाणाऱ्या एका फिरायला आलेल्या गृहस्थांनी त्यांना सावरले नसते, तर ते घाटाच्या पायरीवर पडले असते. घरी आल्यावर मी आडवे असताना वरचा रक्तदाब मोजला, 138; उभे केल्यावर 112. ही मोजणी मी दहा दिवस आधीच करायला हवी होती. परक्या रुग्णाच्या बाबतीत मी ती विसरले नसते.

हे आपल्याही घरात घडू शकते, म्हणून लक्षात ठेवावे. आडवे असताना मोजलेला वरचा रक्तदाब उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर तो डॉक्टरांना कळवावा. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, बदलूही नये. आमच्या तज्ज्ञांनी मात्रा कमी केली आणि वेळ बदलली. उठताना आधी पावले हलवावीत, पोटऱ्या आवळाव्यात, आधार धरून उभे राहावे, क्षणभर थांबावे, मगच पाऊल टाकावे.

औषध सुधारले, पण अण्णा पुन्हा घरात बसले. वही मिटली. "पुरे झाले," एवढेच म्हणाले. तीन आठवडे त्यांनी दार ओलांडले नाही, आणि आता हे कायमचे, अशी धास्ती मला वाटू लागली. माझ्याजवळ समजावणीचे शब्द उरले नव्हते. मी एकटी धावत राहिले.

त्याच सुमारास पात्रातल्या गोट्यांमध्ये एक टिटवी बसलेली मला दिसली. घरटे असे नसतेच. जमिनीत एक उथळ खळगा आणि त्यात चार अंडी, ठिपक्यांमुळे गोट्यांत मिसळून गेलेली. कुत्रे जवळ आले की नर-मादी दोघेही किंचाळत त्याच्या डोक्यावर झेप घेत. घरी मी एवढेच सांगितले, "टिटवीने अंडी घातली आहेत." अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले. "किती?" "चार." दुसऱ्या दिवशी मी येताच प्रश्न: "आहेत ना?" मग रोज तोच प्रश्न. टिटवीची अंडी उबण्यास साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्ले अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पायांवर चालू लागतात, हे त्यांना माहीत होते. मी नेमके केव्हा पाहिले, तिथपासून त्यांनी दिवस मोजले.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, जी मला आईने गुपचूप सांगितली. दुपारी ते खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करीत. पहिल्या दिवशी दोनदा जमले, मग तीनदा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलत. 'टिटवीदेखील समुद्र आटविते' अशी आपल्याकडे म्हण आहे. ब्याऐंशीव्या वर्षी खुर्चीतून सलग दहा वेळा उठणे हा समुद्रच असतो.

मे महिन्याच्या एका सकाळी मी सांगितले, "पिल्ले दिसली. दोन." अण्णा काही न बोलता काठी घेऊन उठले, अर्थात सावकाश, पोटऱ्या आवळून, क्षणभर थांबून. आम्ही गेलो. गोट्यांमध्ये दोन कापसाचे गोळे पळत होते. आईने आवाज केला की जागीच निपचित. अण्णांनी स्टूल मागितले नाही. उंबरापासून ते उभेच होते, माझ्या दंडाला धरून. उरलेल्या दोन अंड्यांचे काय झाले, हे आम्हाला कळले नाही. वहीत त्यांनी 'दोन' असेच लिहिले.

पावसाळ्यात हा काठ वर्ज्य. खडकवासल्यातून पाणी सोडले, की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांचे पाणीही खडकवासल्यातूनच येते, त्यामुळे पुण्यात ऊन असले तरी नदी वाढू शकते. अण्णांना हे निराळे सांगावे लागत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पेठांत शिरलेले ते पाणी त्यांनी पाहिले आहे. दरवर्षी त्या तारखेला ते नदीकडे तोंड करून काही वेळ गप्प बसतात. त्या चार महिन्यांत आम्ही इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या आणि गच्चीवरून घारी मोजल्या.

आपणही आपल्या गावच्या नदीकाठी, तळ्याकाठी जावे, असे मला मनापासून वाटते. नाशिकला गोदावरी आहे, सांगलीला कृष्णा आहे. काही नसले तर गावाबाहेरचा ओढा असतोच. मात्र निघताना थोडी सावधगिरी बाळगावी. पासष्टीपुढच्या व्यक्तींनी आठवड्यातून मध्यम गतीचा 150 मिनिटे व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण ते शिखर आहे, पहिली पायरी नव्हे. पन्नास पावले ही पहिली पायरी असू शकते. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचा त्रास असेल आणि धावण्याचा विचार असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर 'जरा बसू, बरे वाटेल' असे म्हणत वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

दमा असणाऱ्यांनी हिवाळ्यात धुके आणि धूर जमिनीलगत दाटलेला असताना बाहेर पडू नये. ऊन वर आल्यावर जावे. मळलेल्या पाण्यात पाय घालू नयेत, विशेषतः तळव्याला भेग किंवा जखम असेल तर. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंच गवतात शिरू नये. तेथे घोणसही असते. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. पक्ष्यांना शेव-फरसाण घालू नये. ते त्यांचे अन्न नव्हे. आणि बरोबर जाणाऱ्याने आपला वेग विसरावा. मी अजूनही धावते, पण अण्णांना घाटाशी बसवून, नजरेच्या टप्प्यात, पुढे-मागे. ते मोजतात, मी धावते. परत आले की ते मला विचारतात आणि मी चुकते.

गणपती विसर्जनानंतर पाणी उतरले आणि सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा काठावर गेलो. पात्रात नवा गाळ होता, उंबराच्या बुंध्याला कचरा गुंडाळलेला होता. टिटव्या होत्या, मेमधली पिल्ले त्यांच्यात होती की नाही, हे सांगणे अशक्य. अण्णांनी बसायला नकार दिला आणि वळणापर्यंत चालत गेले. तेथे, ओल्या दगडावर, एक करडा धोबी शेपटी हलवीत उभा होता. पोट पिवळसर, पाठ राखाडी. हा येथला नव्हे. तो हिमालय आणि त्याही पलीकडच्या थंड प्रदेशातून हिवाळ्यासाठी येतो. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. टपालात टाकायचे झाले तर साध्या पाकिटात मावेल इतके, असे अण्णा म्हणाले.

मार्चमध्ये तो जाण्याच्या सुमारास त्यांनी मला म्हटले होते, "पुढच्या खेपेला हा येईल तेव्हा मी असेन की नाही, कोण जाणे." तेव्हा मी डॉक्टरांप्रमाणे काहीतरी धीराचे बोलले होते. आता ते काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे पाहत होते. पाण्याला वास येत होता. वरून मेट्रो गेली. धोबी या दगडावरून त्या दगडावर उडाला.

"आला," अण्णा म्हणाले. "वही आण."